नखं कुणाची, केर कुणाचा?

विषय वाचून काही मैत्रिणी हसतील. खुशाल हसा. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन यांवर आपण वर्षानुवर्षं लिहितो-बोलतो, त्यात नखांचा केर कुठून आला, असंही कुणी म्हणेल. पण आमच्या विश्रामबागेतल्या बायकांच्या बैठकीत परवा ठरलेला विषय बाजूला राहिला आणि तासभर सगळ्याजणी याच विषयावर तावातावाने बोलत राहिल्या. एरवी कायद्याचं काही निघालं की खाली मान घालून बसणाऱ्या दोघी-तिघी त्या दिवशी सगळ्यांत आधी बोलल्या. ज्या गोष्टीवर गप्प राहणाऱ्या बायका तोंड उघडतात, ती क्षुल्लक कशी म्हणायची?

निमित्त झालं ‘गृहिणींसाठी खास’ अशा एका सदराचं. कापलेली नखं घरभर उडू नयेत म्हणून काय काय करावं, याची त्यात यादी होती. सल्ले खोटे नव्हते, म्हणून त्यातलं उपयोगाचं तेवढं आधीच सांगून टाकते. नख मुळात बाकदार. नेलकटरची दोन पाती ते दोन्हीकडून दाबतात तेव्हा तुकडा आधी वाकतो, ताणला जातो आणि तुटताक्षणी सगळा ताण सुटून टणकन उडतो. नख जितकं कोरडं आणि कडक, तितकं लांब उडतं. आंघोळीनंतर नख पाणी पिऊन मऊ झालेलं असतं, तेव्हा ते वाकतं पण उडत नाही. म्हणून आंघोळ झाल्यावर कापावीत. एका झटक्यात अख्खं नख तोडण्यापेक्षा कडेकडेने थोडं थोडं घ्यावं. पंखा बंद करावा. खाली वर्तमानपत्राचं पूर्ण पान उघडून पसरावं, चतकोर नव्हे. नेलकटरच्या दोन्ही उघड्या बाजूंना चिकटपट्टी लावली तर तुकडे आतच राहतात, आणि बाजू बंद असलेले नेलकटरही बाजारात मिळतात.

झाल्या सूचना. यातली एकही कळायला बाईचा जन्म लागत नाही. दाढी करणाऱ्या, स्कूटरचा प्लग साफ करणाऱ्या, पेपरातलं शब्दकोडं सोडवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पाच मिनिटांत समजेल. मग हा मजकूर ‘गृहिणींसाठी’ का? घरातली शंभर नखं काही गृहिणीच्या बोटांना फुटलेली नाहीत.

शंभर हा आकडा उगाच नाही. पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकाची वीस, म्हणजे शंभर नखं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. हिशेब केला तर एका माणसाचं वर्षाला अर्धा मीटरहून थोडं जास्त नख कापलं जातं, पाच जणांचं मिळून पावणेतीन मीटर. ही पावणेतीन मीटर नखं वर्षभर नखुरड्यांच्या रूपात घरात पडत असतात आणि त्यातली बाईची स्वतःची जेमतेम अर्धा मीटर.

नखाच्या तुकड्याइतका चिवट केर दुसरा नाही. फुलझाडूच्या काड्यांतून तो निसटतो. फरशीच्या सांध्यात जाऊन बसतो. सतरंजीत रुततो. ओल्या फडक्याला चिकटून या खोलीतून त्या खोलीत जातो. शेवटी बाई बोट ओलं करते आणि एकेक टिपत बसते. रांगतं मूल घरात असेल तर विचारूच नका. जमिनीवरचं बारीकातलं बारीक पोराला आधी दिसतं आणि ते तोंडातच जातं. मग घरातली बाई चालताना खाली बघत चालायला शिकते. बैठकीत एकजण म्हणाली, “मला आता नख पडलेलं डोळ्यांनी बघावं लागत नाही, ‘टक्’ असा आवाज आला की ते कुठं गेलं असेल ते कानाला कळतं.” सगळ्या हसल्या, कारण तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. रविवारची सकाळ, टीपॉयवर पाय, समोर मॅच आणि टक्, टक्, टक्.

आता थोडं मागे जाऊ. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांना ओटा होता, पुढे-मागे अंगण होतं. खेड्यात गावाचा न्हावी बलुतेदार. तो धोकटी घेऊन यायचा, दाढी-हजामत करायचा आणि त्याच बैठकीत नराणीने नखंही काढायचा. केस आणि नखं ओट्यावर नाहीतर झाडाखाली पडायची, घराच्या आत यायचीच नाहीत. म्हणजे पुरुषांच्या नखांचं काम घरातल्या बाईकडे फारसं नव्हतं. ते जातीने नेमून दिलेल्या माणसाकडे होतं. त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही. सुगीला मिळणाऱ्या धान्यावर वर्षभर दुसऱ्याच्या अंगाचा मळ काढणं यात न्हाव्याचं सुख कसलं?

पुढे बलुतं मोडलं, दाढीची ब्लेडं घरोघर आली, मग नेलकटर आलं. विश्रामबागेसारख्या भागात कॉलेजांच्या आणि स्टेशनच्या आसऱ्याने आधी बंगले उठले, मग फ्लॅट. फ्लॅटला ओटा नाही, अंगण नाही. गॅलरीत कपडे वाळत असतात. म्हणून नखं कापायची जागा झाली हॉल. न्हाव्याच्या हातातलं काम दोघांत वाटलं गेलं. कापायचं काम पुरुषाने घेतलं, कारण हत्यार सोपं झालं होतं. उचलायचं काम मात्र कुणी घेतलंच नाही. ते जमिनीवर पडून राहिलं, आणि आपल्याकडे जमिनीवर जे पडतं ते बाईचं होतं. याची ना कधी चर्चा झाली, ना वाटणी.

मग हे काम बाईनेच करावं याची व्यवस्था कशाने लागली? माझ्या मते, धाकाने. आपण सगळ्याच या वाक्यांवर वाढलो. नखं घरात पडली की भांडणं होतात. नखावर नख घासलं की भांडणं होतात. तिन्हीसांजेला नखं कापू नयेत, शनिवारी कापू नयेत. कंदिलाच्या उजेडात ब्लेडने बोट कापेल म्हणून तसं सांगितलं असणार, असं ‘शास्त्रीय कारण’ हल्ली लगेच पुढे करतात. असेलही. मला त्या कारणात फारसा रस नाही. मला रस आहे तो ही वाक्यं कुणाला उद्देशून म्हटली जातात यात. नखं कापणाऱ्याला कुणी म्हणत नाही, “बाबा, तुझं नख पडलं, आता भांडण होईल.” चार दिवसांनी खाटेखाली नख सापडतं तेव्हा हाक सुनेला येते: “केर नीट काढत नाहीस का? घरात भांडणं होतील.” आणि तिथेच, त्या वाक्यापासूनच भांडण सुरू होतं. म्हणजे भाकीत खरं ठरवायची सोय त्यातच आहे.

याबाबत इतर धर्मांचे जुने ग्रंथ काय म्हणतात हे बघण्यासारखं आहे. नखांची भीती काही फक्त आपल्याच आजीला नव्हती. पारशांच्या वेंदिदादमधलं सतरावं प्रकरण कापलेले केस आणि नखं यांवरच आहे. ती वाटेल तिथे टाकू नयेत, माणसांपासून, पाण्यापासून, अग्नीपासून लांब नेऊन खड्ड्यात पुरावीत, मंत्र म्हणावा, नाहीतर ती दुष्ट शक्तींच्या हाती पडतात, असं त्यात सांगितलं आहे. हे सगळं करायचं कुणी? ज्याने नखं कापली त्याने. ज्यू लोकांच्या तालमूदमध्ये (आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्या धर्माचे, त्या धर्माचा हा ग्रंथ) तर तीन प्रतीच लावल्या आहेत. नखं जाळणारा भाविक, पुरणारा सज्जन आणि फेकून देणारा दुष्ट. दुष्ट का? तर ती नखं एखाद्या गरोदर बाईने ओलांडली तर तिचा गर्भ पडेल म्हणून.

समजूत खोटीच. नख ओलांडल्याने कुणाचा गर्भ पडत नाही. पण दोष कुणावर ठेवला आहे ते पाहा. फेकणाऱ्यावर! “नीट बघून का चालली नाहीस,” असं त्या गरोदर बाईला कुणी म्हटलेलं नाही. आपल्या घरातल्या समजुतीत भीती तीच राहिली आणि दोष तेवढा फेकणाऱ्यावरून झाडणारीवर सरकला. अर्थात तालमूदच्या पंडितांचंही फार कौतुक करायला नको. त्याच ठिकाणी एक पंडित पाठशाळेत बसल्या बसल्या आपलं नख दातांनी तोडून टाकून देतो, असा उल्लेख आहे. आता हा दुष्ट ठरतो की काय, असा प्रश्न पडतो. त्यावर उत्तर दिलं आहे, की पाठशाळेत बाई सहसा नसते, तेव्हा चिंता नाही. विद्येच्या ठिकाणी बाई नाही हे गृहीत धरूनच नियम शिथिल झाला! पुरुषांच्या बैठकीत टाकलेलं चालतं, हे बहुधा तेव्हापासूनचं आहे.

दुसरा धाक करणीचा. केस आणि नखं कुणाच्या हाती लागू देऊ नयेत, त्यावर करणी करतात, हे आजही सांगली-साताऱ्याच्या गावांतच नव्हे, फ्लॅटमध्येही ऐकू येतं. इथेही राखण करायची बाईने आणि संशयही बाईवरच. नखं गोळा करते म्हणून संशय कुणाचा? जावेचा, शेजारणीचा, एखाद्या एकट्या म्हातारीचा. एखाद्या काकांनी पुतण्याची नखं पळवली, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या सगळ्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडून शेवटी २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात प्राण दिले. त्यानंतरच त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी बाई करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. घरात नखावरून कुजबुज सुरू झाली तर एवढं तोंडपाठ असू द्यावं.

आता नेहमीचा आक्षेप. “अहो, दोन मिनिटांचं काम, त्यावरून घरात वाद कशाला?” आधी त्या दोन मिनिटांचं पाहू. २०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१.२ टक्के बायका दिवसभरात घरचं बिनपगारी काम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यात बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. आकडे बोलके आहेत, पण माहिती कशी घेतली तेही बघा. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे पाडले होते आणि दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ चाललेलं काम त्यात धरलं नव्हतं. कुणावर टीका म्हणून सांगत नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण नख टिपणं, बेसिनच्या जाळीतले केस काढणं, उंबऱ्यात आडवे पडलेले जोडे सरळ करणं, ओला टॉवेल पलंगावरून उचलणं ही सगळी दहा मिनिटांखालची कामं आहेत. त्या २९९ मिनिटांत ती आलेलीच नाहीत.

आणि मला विचाराल तर काम दोन मिनिटांचं आहे म्हणूनच त्यावर वाद घालण्यासारखा आहे. स्वयंपाक कर म्हटलं की नवरा म्हणतो, मला येत नाही. मुलाला आंघोळ घाल म्हटलं की म्हणतो, त्याला आईच लागते. बाजारात जा म्हटलं की ऑफिसचा उशीर होतो, कपडे धू म्हटलं की कंबर दुखते. प्रत्येक कामाला एक सबब तयार असते आणि काही वेळा ती खरीही असते. नखाला कुठली सबब सांगणार? नखं त्याची, बोटं त्याची, पेपर त्याच्याच हातात, वेळ रविवारचा. त्याला येत नाही असं यात काहीच नाही. तरीही तो उठून जातो आणि नखं मागे राहतात, तेव्हा त्याच्या मनात काय असतं? काहीच नसतं, हेच तर दुखणं आहे. आपण मागे काही टाकलं आणि ते आपोआप नाहीसं झालं, एवढाच त्याचा अनुभव. ते नाहीसं करणारी व्यक्ती त्याला दिसतच नाही. भांड्यांवरून, पगारावरून, माहेरी जाण्यावरून भांडताना मुद्द्याला हजार फाटे फुटतात. इथे फाटा फुटायला जागा नाही. ज्याने कापली त्याने उचलायची.

बैठकीत एक मुद्दा असा निघाला, ज्याने आम्हां बऱ्याच जणींची तोंडं बंद झाली. घरकाम करणारी एक मैत्रीण म्हणाली, “ताई, तुमच्यात नवऱ्यानं टाकलेली तुम्ही उचलता म्हणून राग येतो. आम्ही तर तुमचीपण उचलतो.” खरं आहे. ज्या घरात केर काढायला बाई येते तिथे साहेबही नखं टाकतात आणि मॅडमही. ती सांगत होती, पलंगाच्या चादरीत नखं, गाद्यांच्या कडेला नखं, एका घरी तर चहाच्या बशीत, आणि ती बशी तशीच घासायला टाकलेली. पगार ठरवताना झाडू-पोछा आणि भांडी एवढंच बोलणं होतं. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आहेत. पण झाडू-पोछात काय काय मोडतं हे अजूनही घरोघरी तोंडीच ठरतं, आणि खरं तर ठरतच नाही.

यावर मला नाभिकांचीच आठवण होते. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं जाहीर केलं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. केशवपनावर सुधारक किती वर्षं लेख लिहीत होते! वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं, ही गोष्टच वेगळी. तुलना मोठी वाटेल, पण घरकाम करणाऱ्या बायकांनी एकत्र बसून, अंगावरून निघालेलं काही आम्ही उचलणार नाही, नखं नाहीत, मोरीतले केस नाहीत, दाढीचे खुंट नाहीत, असं ठरवलं तर विश्रामबागेतल्या कितीतरी घरांत नेलकटरखाली आपोआप पेपर येईल. आमच्या त्या मैत्रिणीने दोन घरी हे सांगितलंही. एका घरी बाईंनी मान्य केलं. दुसऱ्या घरी ‘फार शहाणी’ झाली, आणि पुढच्या महिन्यात तिथलं काम सुटलं. म्हणून एकटीने बोलून भागत नाही.

मुलांचंही बोलायला हवं. शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासतात. वाढलेली दिसली की मुलाला पट्टी आणि आईला निरोप: “घरी आई लक्ष देत नाही का?” वडिलांना असा निरोप गेल्याचं कुणी ऐकलंय? नखं तपासणाऱ्या बाईंनी आणि गुरुजींनी पुढचा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे: “कापलेली नखं कुणी उचलली?” सात-आठ वर्षांच्या पोराला स्वतःची नखं कापता येतात आणि पेपर घडी घालून केराच्या डब्यात झटकायला तर त्याहून कमी अक्कल लागते. मुलींना हे सांगावं लागत नाही, त्या बघून बघून शिकतात. मुलांना सांगावंच लागतं, आणि तेही दहादा. कंटाळून आपणच उचललं की संपलं. पुढे ती नखं उचलायला आपण एक सून शोधायला निघतो.

ज्यांना स्वतःची नखं कापता येत नाहीत त्यांची गोष्ट निराळी. वाकता न येणारी सासू, हात थरथरणारे सासरे, आजारी माणूस. त्यांना पेपर पसरा, नख उचला म्हणणं क्रूरपणा होईल. पण तिथेही काम सुनेकडेच का जावं? बापाच्या पायाची नखं मुलाने कापायला काय हरकत आहे? म्हातारपणी पायाची नखं जाड आणि कडक होतात आणि सगळ्यांत लांब तीच उडतात. मुलाने बापाचे पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, पुसावेत, बोटांच्या मधली जागा कोरडी करावी, मग चांगल्या उजेडात नखं सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल घेऊ नयेत. मधुमेह असेल तर पाणी किती गरम आहे ते आधी स्वतःच्या हाताने बघावं, कारण अशा पायाला चटका कळत नाही आणि कापलेलंही कळत नाही. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. टोकदार राहिलेलं नख कानशीने घासावं. आणि टबातलं पाणी मोरीत ओतण्याआधी तळाशी बघावं. एक-दोन नखं त्यात राहतात, जाळीत अडकतात, आणि ती जाळी कोण साफ करतं हे आपल्याला माहीत आहे.